टक्के आहेत तसेच लिहा
अमेरिकी कॉलेजांच्या अर्जात आपल्या शाळेची नोंद कशी करायची? वाचकांचे प्रश्न

१ ऑगस्टला कॉमन अ‍ॅपचा नव्या वर्षाचा अर्ज खुला होतो. हजारावर कॉलेजांना चालणारा हा एकच अर्ज भरायला बसलं, की आपली मुलं निबंधाच्याही आधी शाळेच्या पानावर अडतात. जीपीए (४.०पैकी काढलेली गुणांची सरासरी), काउन्सेलर, ट्रान्सक्रिप्ट (वर्षवार गुणांचा एकत्रित तक्ता) यांपैकी काहीच आपल्या ज्युनिअर कॉलेजात नसतं. आलेल्या पत्रांत महाराष्ट्र राज्य मंडळाच्या मुलांचे प्रश्न सर्वांत जास्त होते, म्हणून उत्तरंही त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : मला दहावीत ९३.४० टक्के आहेत, अकरावीत ७८. अर्जात जीपीए विचारला आहे. एका सल्लागारांनी टक्क्यांना २५ने भागायला सांगितलं. दुसरे म्हणतात, साठच्या वरचे सगळे गुण ‘ए’ धर आणि ४.० लिही. काय करू? (बारावी विज्ञान, सोलापूर)

उत्तर : दोन्ही करू नका. शाळा जीपीए देत नसेल तर तो रकाना रिकामा ठेवायचा. तिथे आकडा भरणं बंधनकारक नाही. वर्गातल्या क्रमांकाचंही तसंच. कॉलेज अधिकृत क्रमांक लावत नसेल तर ‘नाही’ हा पर्याय निवडायचा, ‘पहिल्या पाचात आहे’ असा अंदाज लिहायचा नाही.

भागाकार का चुकतो ते पाहा. आपल्याकडे ३५ला मूल पास होतं आणि बारावीला ७५ला विशेष प्रावीण्य मिळतं. २५ने भागलं की ३५चे १.४ होतात आणि ७५चे ३.०. अमेरिकेत ३.० म्हणजे साधारण ‘बी’. विशेष प्रावीण्य मिळवणाऱ्या मुलाने स्वतःच्या हाताने स्वतःला ‘बी’ दिला असा त्याचा अर्थ. दोन्हीकडे आकडे शंभरापैकीच असले तरी पेपर काढण्याची आणि तपासण्याची रीत वेगळी आहे, म्हणून साधं त्रैराशिक इथे लागू पडत नाही.

दुसऱ्या सल्ल्यातला धोका वेगळा आहे. तुम्ही ४.० लिहिलेत आणि कॉलेजकडून गेलेल्या कागदावर ७८ टक्के दिसले, तर वाचणाऱ्याला दोन कागद जुळत नाहीत एवढंच कळतं. भारताचे अर्ज वाचणारे अधिकारी वर्षानुवर्षं आपल्या बोर्डांचे गुण पाहत आलेले असतात. तुलना करायची असेल तर ते स्वतःच्या पद्धतीने करतात. ते काम त्यांचं आहे. आपलं काम, कागदावर जे आहे ते जसंच्या तसं पोचवणं.

आणखी एक गफलत नेहमी दिसते. टक्के आणि पर्सेंटाइल या वेगळ्या गोष्टी आहेत : टक्के म्हणजे शंभरापैकी गुण, पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली किती मुलं तुमच्या मागे. एमएचटी-सीईटीचा ९३ पर्सेंटाइल शाळेच्या गुणांच्या रकान्यात जाता कामा नये.

प्रश्न : मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर बेस्ट ऑफ फाइव्हचे टक्के आहेत, शिवाय खेळाचे वाढीव गुण धरलेले आहेत. नेमके कुठले टक्के खरे मानायचे? (पालक, नाशिक)

उत्तर : उदाहरणानेच पाहू. समजा मराठी ८८, हिंदी ८४, इंग्रजी ९०, गणित ९६, विज्ञान ९५, सामाजिक शास्त्रे ९२. सहा विषयांची बेरीज ५४५, म्हणजे ६००पैकी ९०.८३ टक्के. हिंदी वगळून उत्तम पाच विषयांची बेरीज ४६१, म्हणजे ५००पैकी ९२.२०. खेळाचे ६ गुण मिळवले की ४६७ आणि ९३.४०. एकाच गुणपत्रिकेतून तीन आकडे निघाले, आणि तिन्ही खरे आहेत.

म्हणून जिथे विषयवार गुण विचारले असतील तिथे सहाही विषय लिहा. सर्वांत कमी गुणांचा विषय गाळू नका, वाढीव गुण कुठल्याही विषयात मिसळू नका. जिथे एकूण टक्के विचारले असतील तिथे गुणपत्रिकेवर छापलेला आकडा लिहा आणि ‘अधिक माहिती’च्या जागेत एका वाक्यात खुलासा करा : बोर्ड सहापैकी उत्तम पाच विषयांवर टक्के काढतं, त्यात क्रीडानैपुण्याचे ६ गुण धरलेले आहेत, सहा विषयांची बेरीज ५४५ आहे. एवढं पुरतं. ज्यांचे वाढीव गुण धरून टक्के पूर्ण शंभर झाले आहेत, त्यांनी तर हा खुलासा न विसरता करावा. नाहीतर विषयवार गुणांच्या बेरजेशी तो आकडा जुळत नाही आणि शंका उगाच उभी राहते.

प्रश्न : आमचं ज्युनिअर कॉलेज तालुक्याच्या गावी आहे. काउन्सेलर नाही. ऑफिसात ‘ट्रान्सक्रिप्ट’ मागितलं तर ‘ते विद्यापीठात मिळतं, आम्ही फक्त बोनाफाइड देतो’ असं सांगतात. पुढे कसं जायचं? (बारावी, सांगली जिल्हा)

उत्तर : ऑफिसचं उत्तर त्यांच्या दृष्टीने बरोबर आहे. त्यांना तो शब्द माहीत नाही, आणि ‘ट्रान्सक्रिप्ट’ नावाचा छापील नमुना त्यांच्याकडे नाही. तेव्हा शब्द बदला. प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहून ‘नववी ते बारावीच्या गुणांचा एकत्रित तक्ता, संस्थेच्या लेटरहेडवर’ मागा. सोबत कोऱ्या तक्त्याचा नमुना जोडा, म्हणजे हेडक्लार्कला नेमकं काय हवं ते दिसतं.

तक्त्यात वर विद्यार्थ्याचं नाव, जन्मतारीख, जनरल रजिस्टर क्रमांक आणि प्रवेशाची तारीख. खाली प्रत्येक इयत्तेचं शैक्षणिक वर्ष, संस्थेचं नाव, विषय, कमाल गुण, मिळालेले गुण आणि उत्तीर्णतेचे गुण. बारावीसमोर विषयांची नावं आणि ‘परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये’ अशी नोंद. शेवटी जावक क्रमांक, तारीख, प्राचार्यांची सही, त्यांचं पूर्ण नाव व पद, गोल शिक्का, फोन आणि ई-मेल. पुष्कळ ठिकाणी सही असते पण नाव नसतं, किंवा शिक्का नेमका सहीवर बसून दोन्ही वाचता येत नाहीत. असा कागद परत येतो. शिक्का सहीच्या बाजूला मारायला सांगा.

अडचण येते ती नववी-दहावीची, कारण ती वर्षं दुसऱ्या शाळेत गेलेली असतात. दहावीची बोर्डाची गुणपत्रिका तुमच्याकडे असतेच. नववीसाठी हायस्कूलमध्ये जावं लागेल. प्रगतिपुस्तक हरवलं असलं तरी शाळेच्या निकालपत्रकात गुण असतात. त्यावरून मुख्याध्यापक सही-शिक्क्याचा उतारा देऊ शकतात. तो उतारा ज्युनिअर कॉलेजला द्या. कॉलेज एकतर आपल्या तक्त्यात त्याचा समावेश करील, नाहीतर दोन कागद एकत्र जोडून पाठवील. दोन्ही चालतं.

आता काउन्सेलर. कॉमन अ‍ॅपमध्ये काउन्सेलर म्हणजे शाळेच्या वतीने बोलण्याचा अधिकार असलेली व्यक्ती. आपल्याकडे प्राचार्य, उपप्राचार्य, पर्यवेक्षक किंवा वर्गशिक्षक हे काम करू शकतात. नातेवाईक, खासगी क्लासचे सर किंवा सल्लागार एजन्सी यांपैकी कोणीही नाही. क्रम असा : आधी अर्जात आपली शाळा नोंदवायची, मग कॉलेजांची यादी भरायची, मग ‘फर्पा’चं संमतिपत्र भरायचं. फर्पा हा १९७४चा अमेरिकी कायदा. विद्यार्थ्याला त्याच्या शैक्षणिक नोंदी पाहायचा हक्क त्यात आहे, आणि शिफारसपत्रं पाहायचा हक्क आपण सोडतो की ठेवतो हे इथे विचारतात. साधारणपणे तो सोडतात, कारण मग पत्र मोकळेपणाने लिहिलं गेलं असं मानलं जातं. हे झालं की काउन्सेलरचा ई-मेल भरून निमंत्रण पाठवता येतं. प्राचार्यांना एक दुवा येतो, ते आपलं खातं उघडतात आणि स्कूल रिपोर्ट, गुणांचा तक्ता, शिफारसपत्र व स्कूल प्रोफाइल स्वतः चढवतात.

‘स्वतः’ या शब्दावर आम्ही मुद्दाम जोर देतो आहोत. ‘सरांना कॉम्प्युटरचं जमत नाही’ म्हणून विद्यार्थीच सरांच्या नावाने ई-मेल उघडतो, पासवर्ड ठेवतो आणि सगळं भरतो, हे सर्रास घडतं. हेतू वाईट नसतो. पण अर्जाच्या शेवटी तुम्ही सगळी माहिती खरी असल्याची सही करता, आणि शाळेचा कागद विद्यार्थ्याने पाठवला हे उघड झालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. सरांच्या शेजारी बसून खातं कसं उघडायचं ते दाखवा, पण टाइप त्यांना किंवा त्यांच्या ऑफिसला करू द्या. तक्त्याचा मसुदा तुम्ही तयार करून क्लार्कने रजिस्टरशी ताडून घेतला तर त्यात गैर नाही. शिफारसपत्राचा मसुदा मात्र तुम्ही लिहायचा नाही.

संस्थेचा स्वतःचा ई-मेल नसेल आणि जीमेलच असेल, तर संस्थेच्या नावाचा जीमेल वापरा, प्राचार्यांचा घरगुती नको. तोच पत्ता लेटरहेडवर छापलेला असला की पडताळणी सोपी जाते.

स्कूल प्रोफाइलबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण लहान गावातल्या मुलाला सर्वांत जास्त मदत याच कागदाची होते. हे एक-दोन पानांचं संस्थेचं वर्णन असतं. संस्था अनुदानित की विनाअनुदानित, माध्यम कुठलं, बारावीच्या वर्गात किती मुलं, कुठल्या शाखा, कुठले विषय शिकवले जातात, पासचे गुण ३५, कला-वाणिज्य-विज्ञान यांपैकी शाखा अकरावीलाच निवडावी लागते, एपी (अमेरिकी शाळांतले कॉलेजच्या पातळीचे विषय) किंवा आयबी (आंतरराष्ट्रीय बोर्ड) यांसारखे कोर्स इथे नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचं, मागच्या वर्षीचा बारावीचा निकाल : किती जण विशेष प्रावीण्यात, किती प्रथम श्रेणीत, किती द्वितीय, किती नुसते उत्तीर्ण. कॉलेजच्या निकालाचा हा गोषवारा ऑफिसात असतो. ज्या कॉलेजात २०० मुलांत नऊ जणांना ७५च्या वर गुण पडले, तिथले ७८ काय किमतीचे आहेत हे या ओळीवरून कळतं. नुसत्या टक्क्यांवरून ते कधीच कळणार नाही.

हे सगळं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकून घ्या. लवकरच्या फेरीची तारीख बहुधा १ नोव्हेंबर असते, आणि आपल्याकडे त्याच सुमाराला दिवाळीच्या सुट्ट्या. शेवटच्या आठवड्यात गेलात तर ऑफिसला कुलूप असेल.

प्रश्न : कॉमन अ‍ॅपच्या शाळांच्या यादीत माझं ज्युनिअर कॉलेज सापडत नाही. शिवाय ‘आधीची शाळा का सोडली’ असं विचारलं आहे. (ठाणे)

उत्तर : यादीत नसेल तर ‘माझी शाळा या यादीत दिसत नाही’ हा पर्याय असतो. तो निवडून नाव आणि पत्ता हाताने भरा. शाळेसाठी जो सहा अंकी कोड असतो तो अमेरिकेच्या परीक्षा-व्यवस्थेचा आहे. तिथे आपला ११ अंकी यू-डायस किंवा बोर्डाचा इंडेक्स क्रमांक टाकू नका. नाव टाइप करताना मात्र पूर्ण आणि लघुरूप दोन्ही शोधून पाहा. पुष्कळदा संस्था यादीत असते, पण ‘ज्युनिअर कॉलेज’ऐवजी ‘कॉलेज ऑफ सायन्स’ अशा नावाने.

शाळा सोडल्याच्या कारणात लिहा, की आपली शाळा दहावीपर्यंतच होती आणि राज्य मंडळात अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात होते. तिथल्या वाचणाऱ्याला मधेच शाळा बदलणं म्हणजे काहीतरी बिनसलं असं वाटू शकतं. प्रवेशाची तारीख दाखल्यावर असेल तीच. अकरावीचे प्रवेश लांबून वर्ग ऑगस्टमध्ये सुरू झाले असतील तर ऑगस्टच लिहा.

प्रश्न : अकरावीला जेईईच्या क्लासमुळे कॉलेजच्या परीक्षांकडे लक्ष दिलं नाही. अकरावी गाळून फक्त दहावी आणि बारावी दाखवली तर चालेल का? बारावीचे संभाव्य गुण कोण देतं? (नागपूर)

उत्तर : अकरावी गाळता येत नाही. चारही वर्षं मागितलेली असतात, आणि अर्ज करताना हातात असलेलं सर्वांत ताजं पूर्ण वर्ष अकरावीचंच असतं. आपल्याकडे कॉलेजात प्रवेश दहावी आणि बारावीवर ठरतात, म्हणून अकरावी ही दोन बोर्डांमधली विश्रांती, अशी समजूत रुजली आहे. अमेरिकेचा विचार ज्यांच्या मनात आहे त्यांना हे दहावी संपतानाच सांगायला हवं.

आता जे झालं ते असं मांडा. अकरावीचा निकाल वार्षिक परीक्षेवरच ठरत नाही. चाचणी २५, सहामाही ५०, दुसरी चाचणी २५ आणि वार्षिक १००, असे २०० गुण आणि त्यांची सरासरी शंभरापैकी. एखादी चाचणी बुडाली असेल तर सरासरी बरीच खाली येते. वार्षिक परीक्षेत चांगले गुण असतील तर कॉलेजला तक्त्यात चारही परीक्षांचे गुण वेगळे दाखवायला सांगा. कारण सांगायचंच असेल तर दोन-तीन वाक्यांत, ‘अधिक माहिती’मध्ये. क्लासला दोष द्यायचा नाही.

ज्यांनी इंटिग्रेटेड पद्धतीने फक्त नावापुरता ज्युनिअर कॉलेजात प्रवेश घेतला आणि दोन वर्षं क्लासमध्येच काढली, त्यांची अडचण मोठी आहे. तिथल्या प्राचार्यांनी मुलाला पाहिलेलंही नसतं. ते शिफारसपत्रात काय लिहिणार? अशा मुलांनी निदान बारावीत प्रॅक्टिकलच्या निमित्ताने दोन शिक्षकांशी ओळख होईल एवढी हजेरी लावावी.

संभाव्य गुण देण्याची आपल्या बोर्डात पद्धत नाही. ती आयबी आणि केंब्रिजच्या शाळांत आहे. पण कॉलेज प्राध्यापकांच्या अंदाजावरून लेटरहेडवर विषयवार अंदाजित गुण देऊ शकतं, आणि अर्जात बोर्डाच्या अंतिम परीक्षांविषयी विचारतात तिथे ते ‘अंदाजित’ असं स्पष्ट निवडून लिहायचे. स्वतःच्या मनाने नाही. डिसेंबर-जानेवारीतल्या प्रिलिमचे गुण मात्र सोन्यासारखे आहेत. मिडइयर रिपोर्टमध्ये, म्हणजे वर्षाच्या मध्यावर शाळेने पाठवायच्या अहवालात, काउन्सेलरने तेच पाठवायचे. प्रिलिमचे पेपर कडक तपासले जातात हे आपण जाणतो, अमेरिकेत कोणाला ते माहीत नाही. म्हणून त्या रिपोर्टसोबत ‘वर्गातील सर्वोच्च गुण’ आणि ‘वर्गाची सरासरी’ हे दोन आकडे द्यायला सांगा.

प्रश्न : माझा कॉम्प्युटर सायन्स हा बायफोकल विषय २०० गुणांचा आहे. (बारावी, कोल्हापूर)

उत्तर : मग २००पैकीच लिहा. तो दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी येतो, म्हणून विषयांची संख्या कमी दिसते. तक्त्यात ‘हा विषय दोन विषयांच्या बरोबरीचा, दोन पेपर व दोन प्रात्यक्षिकं’ अशी तळटीप हवी. त्याला ‘ऑनर्स’ किंवा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पातळी म्हणून खूण करू नका. बोर्डात तशी पातळीच नाही.

प्रश्न : युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्जात गुणपत्रिका जोडायची जागाच दिसत नाही. काही चुकतं आहे का? (पुणे)

उत्तर : चुकत नाही. यूसीचा अर्ज कॉमन अ‍ॅपपेक्षा वेगळा आहे. एका अर्जात तिच्या पदवी शिक्षण देणाऱ्या नऊही कॅम्पसना अर्ज करता येतो. तिथे सुरुवातीला कागद मागत नाहीत, तुम्ही भरलेल्या गुणांवर विश्वास ठेवून निर्णय घेतात. काउन्सेलरचं पत्रही सरसकट मागत नाहीत, आणि एसएटी-एसीटी या अमेरिकी प्रवेशपरीक्षांचे गुण प्रवेशासाठी पाहत नाहीत. अर्ज १ ऑगस्टपासून भरता येतो, १ ऑक्टोबरपासून सादर करता येतो. ३० नोव्हेंबर ही नेहमीची शेवटची तारीख. शनिवार-रविवार आला तर ती एक-दोन दिवसांनी सरकते.

म्हणूनच इथे टाइप करताना गुणपत्रिका समोर हवी, आठवणीवर नको. विषयांची नावं गुणपत्रिकेवर आहेत तीच. दहावीचं बीजगणित आणि भूमिती वेगळे पेपर असले तरी गुणपत्रिकेवर गणित १००पैकी एकच असेल तर एकच लिहा. इतिहास-भूगोलाचंही तसंच. बारावीचे विषय ‘चालू’ म्हणून नोंदवा. प्रवेश मिळाल्यावर अधिकृत कागद १ जुलैपर्यंत मागतात, आणि तुम्ही भरलेला एकेक आकडा त्याच्याशी ताडून पाहतात. ८७चे ७८ टाइप झाले असतील तर नुकसान तुमचं. ७८चे ८७ झाले असतील तर प्रवेश धोक्यात. सादर केल्यावर चूक दिसली तर गप्प बसू नका, लगेच लेखी कळवा. स्वतःहून कळवलेली चूक बहुतेक वेळा निभावते.

काही राज्य विद्यापीठं असाच स्वतः भरायचा गुणांचा वेगळा फॉर्म वापरतात. त्यातले पर्याय अमेरिकी शाळांसाठी बेतलेले असतात, आणि परदेशी शाळांतल्या मुलांना काही ठिकाणी त्यातून सूट असते. जबरदस्तीने ‘ए’, ‘बी’ निवडण्याआधी त्या विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं पान वाचा.

प्रश्न : दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग मुलाचं आणि वडिलांचं नाव आहे. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर क्रम वेगळा आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंगही एका अक्षराने वेगळं. (पालक, रत्नागिरी)

उत्तर : अर्जात नाव पासपोर्टप्रमाणे. पुढे विद्यापीठाकडून येणारा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा फॉर्म) आणि व्हिसा पासपोर्टच्या नावावरच निघतात. आडनावाच्या रकान्यात पासपोर्टवरचं आडनाव, आणि दिलेल्या नावांत वडिलांचं नाव असेल तर ते मधलं नाव. आईचं नाव विद्यार्थ्याच्या नावात जोडायचं नाही, ते पालकांच्या माहितीत येईल. वडिलांचं नाव चुकून पहिलं नाव म्हणून पडलं, तर आयईएलटीएस किंवा टोफेलचे गुण अर्जाला जुळत नाहीत, म्हणून परीक्षेच्या नोंदणीतही हाच क्रम ठेवा.

नावाचा क्रम वेगळा असला तर घाबरायचं कारण नाही, भारतीय कागदांत तो तसा असतो हे तिथे माहीत आहे. स्पेलिंगच्या फरकासाठी प्राचार्यांच्या तक्त्यातच ‘दोन्ही नावं एकाच विद्यार्थ्याची’ अशी ओळ घ्या. फरक मोठा असेल, आडनावच बदललं असेल, तर राजपत्राची प्रत किंवा प्रतिज्ञापत्र जोडा. मूळ गुणपत्रिकेवर पेनाने दुरुस्ती कधीही करू नका. बोर्डाची गुणपत्रिका दुरुस्त व्हायची ती शाळेमार्फत विभागीय मंडळातच.

प्रश्न : माझी नववी मराठी माध्यमात झाली. प्रगतिपुस्तक पूर्ण मराठीत, आकडेही देवनागरी. (लातूर)

उत्तर : मूळ प्रत आणि इंग्रजी भाषांतर, दोन्ही एकत्र पाठवायचे. भाषांतर शब्दाला शब्द हवं, मांडणीही तीच. ‘कार्यानुभव’ आणि ‘शारीरिक शिक्षण’ यांच्या श्रेणीही गाळायच्या नाहीत. ‘ब-१’ असेल तर त्याचा ‘बी-१’ होईल, पण त्याचे गुण काढायचे नाहीत. भाषांतर तुम्ही किंवा तुमच्या घरच्यांनी केलेलं चालत नाही. शाळेने इंग्रजीत करून मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने दिलं तर पुष्कळ कॉलेजं ते स्वीकारतात, काहींना व्यावसायिक भाषांतरकाराचंच लागतं. नोटरी करून आणायची धावपळ उगाच केली जाते. नोटरी सहीची किंवा प्रतीची साक्ष देतो, भाषांतर बरोबर आहे की नाही हे तो तपासत नाही.

प्रश्न : बारावीनंतर एक वर्ष इंजिनिअरिंग केलं, दोन विषय राहिले, मग सोडलं. आता अमेरिकेत पहिल्या वर्षाला अर्ज करताना ते वर्ष ‘गॅप’ म्हणून दाखवू का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नाही. या सदरातल्या सगळ्या प्रश्नांत हे उत्तर आम्ही सर्वांत ठामपणे देतो आहोत. बारावीनंतर ज्या ज्या संस्थेत नाव नोंदवलं, त्या सगळ्या दाखवाव्या लागतात, परीक्षा दिली असो वा नसो, पास असो वा नापास. लपवलेलं कॉलेज पुढे केव्हाही बाहेर येऊ शकतं. कॉलेज सोडल्याचा दाखला, शिष्यवृत्तीची नोंद, व्हिसाच्या मुलाखतीतला एक साधा प्रश्न, काहीही पुरतं. तेव्हा अर्ज नाकारणं हा सौम्य परिणाम झाला. शिकत असताना विद्यापीठातून काढल्याचीही वेळ येते.

उलट, खरं सांगण्याने फारसं बिघडत नाही. त्या वर्षाची गुणपत्रिका जोडा, विषय राहिल्याचं आणि सोडल्याचं कारण थोडक्यात लिहा. तुम्ही बहुतेक ठिकाणी ‘ट्रान्स्फर’, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून येणारे विद्यार्थी धरले जाल आणि अर्जही तोच भरावा लागेल. काही कॉलेजं ठराविक श्रेयांकांच्या (क्रेडिट) खाली असलेल्यांना पहिल्या वर्षाचे अर्जदार मानतात, त्यामुळे प्रत्येकाला ई-मेलने विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. विषयांचा सिलॅबस विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून ठेवा, श्रेयांक मिळवताना लागतो.

खरोखरच घरी बसून जेईई किंवा नीटची पुन्हा तयारी केली असेल, तर तेवढंच ‘शिक्षणातील खंड’ या जागी लिहायचं. दहावीनंतर पॉलिटेक्निक केलेल्यांनीही सहाही सेमिस्टरच्या गुणपत्रिका द्याव्यात. डिप्लोमा बारावीच्या बरोबरीचा धरायचा की त्याहून पुढचा, हे प्रत्येक विद्यापीठ आपलं ठरवतं.

प्रश्न : डब्ल्यूईएसचं मूल्यांकन सगळ्यांना लागतं का? माझी बारावी २०२१ची, परीक्षा झालीच नव्हती. आता एमएससाठी अर्ज करते आहे. (इंजिनिअर, पुणे)

उत्तर : डब्ल्यूईएस ही परदेशी गुणपत्रिका आणि पदव्या अमेरिकेतल्या कुठल्या दर्जाच्या बरोबरीच्या हे सांगणारी संस्था. तिचं मूल्यांकन सगळ्यांना लागत नाही. बारावीनंतरच्या अर्जांत पुष्कळ कॉलेजं आपलं आपण पाहतात. जिथे लागतं तिथे कुठल्या संस्थेचं आणि कुठल्या प्रकारचं हे लिहिलेलं असतं : नुसता समकक्ष दर्जा सांगणारं की विषयवार. मागितलं नसताना पैसे भरून ते करून घेऊ नका. करायचं झालं तर लक्षात ठेवा, गुणपत्रिका तुम्ही पाठवलेल्या चालत नाहीत. त्या विद्यापीठाकडून किंवा बोर्डाकडून थेट जाव्या लागतात, आणि बंद पाकीट असेल तर चिकटवलेल्या तोंडावर सही-शिक्का हवा.

एमएसला मुख्यतः पदवीच्या गुणपत्रिका पाहतात. बारावीचा उल्लेख आला तर आहे ते लिहा. त्या वर्षी राज्य मंडळाने कोविडमुळे परीक्षा रद्द करून दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के धरून निकाल लावला. जगभर तसंच काहीसं झालं होतं, त्यासाठी वेगळा निबंध लिहायची गरज नाही.

प्रश्न : प्रवेश मिळाला, १ मेच्या आत होकारही कळवला. बारावीचा निकाल नंतर लागला. प्रिलिमपेक्षा गणितात १४ गुण कमी आले. आता? (पालक, मुंबई)

उत्तर : आधी प्रवेशपत्र पुन्हा वाचा. त्यात ‘शिक्षण याच दर्जाने पूर्ण करावे’ अशी अट असते, आणि कधी नेमके टक्केही दिलेले असतात. एका विषयात १४ गुण कमी झाले पण एकूण दर्जा तोच राहिला, तर सहसा काही होत नाही. एखादा विषय राहिला किंवा एकूण टक्के बरेच घसरले, तर मात्र कॉलेजने विचारण्याची वाट पाहू नका. मुलाने स्वतः, आपल्या शब्दांत, प्रवेश कार्यालयाला चार ओळी लिहाव्यात : गुण किती आले, कारण काय, पुढे काय करतो आहे. पालकांनी लिहू नये.

फायनल रिपोर्ट, म्हणजे अंतिम निकालाचा शाळेचा अहवाल, काउन्सेलरनेच भरायचा असतो आणि तो याच दिवसांत अडतो. निकाल ऑनलाइन दिसतो, मूळ गुणपत्रिका कॉलेजात काही दिवसांनी येते, आणि मेच्या सुट्टीत प्राचार्य गावी गेलेले असतात. म्हणून मार्चमध्येच त्यांना विचारून ठेवा, की जूनमध्ये सही कोण करील आणि कॉमन अ‍ॅपचा पासवर्ड त्यांच्याकडे आहे ना. डिजिलॉकरमधली गुणपत्रिका तात्पुरती दाखवायला उपयोगी पडते, पण अधिकृत म्हणून शाळेकडून गेलेली प्रत मागतात.

गुणपडताळणी किंवा पुनर्मूल्यांकन करायचं असेल तर अमेरिकी कॉलेजला आधीच कळवा. पुनर्मूल्यांकनासाठी पहिल्यांदा उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते, त्यात वेळ जातो. तोवर पहिली गुणपत्रिका वेळेत पाठवा, ‘पुनर्मूल्यांकन प्रलंबित’ असं सोबत लिहा, आणि गुण बदलले तर सुधारित गुणपत्रिका प्राचार्यांकडूनच पुन्हा जाऊ द्या, वाढले असतील तरी आणि कमी झाले असतील तरी.